आठवी गाळावी का?

आपल्या मोहल्ल्यात एखादं मूल हिशेबात चलाख निघालं की दोन सल्ले ठरलेले. मुलगा असेल तर दुकानावर बसवा. शिकवायचंच असेल तर एक इयत्ता वर चढवा. आमच्या भाचीच्या बाबतीत दुसरा सल्ला आला आणि घरात दोन महिने वाद चालला.

आम्ही दोघे भाऊ धुळ्याचे. एक शाळेत गणित शिकवतो, दुसरा पॉवरलूमवर आहे. आपा जळगावला दिलेली. दुल्हेभाई केळीच्या वखारीत हिशेब लिहितात. त्यांची धाकटी लेक उर्दू शाळेत सातवीत आहे आणि नववीतल्या भावाचं बीजगणित तीच सोडवून देते. वर्गातली गणितं दहा मिनिटांत संपवते, मग उरलेला तास वहीच्या मागच्या पानावर मेंदीची नक्षी काढते. हात वर करणं तिनं सोडून दिलं आहे. दुल्हेभाईंचं म्हणणं, "आठवी गाळून नववीत बसवा, एक वर्ष वाचेल." त्यात तथ्य नव्हतं असं नाही. थांबवून ठेवलेलं मूलही कोमेजतं.

आम्ही आधी तिची पारख केली. १, ३, ५ अशा विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं तर बेरीज नेहमी वर्गसंख्याच का येते? तिनं चिंचोके मांडले. चौकोन वाढवत नेला आणि म्हणाली, "मामू, दो बाजू में एक-एक कतार, और कोने का एक दाना. इसलिए हर बार दो ज़्यादा." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग विचारलं, पाऊणला अर्ध्यानं भागलं तर उत्तर दीड येतं, म्हणजे मोठं. का? उत्तर तिनं झटकन काढलं होतं, पण कारण सांगता येईना. अपूर्णांक उलटा करून गुणायचा, एवढंच ठाऊक. म्हणजे झेप होती, पण पायाखालची एक वीट हलत होती.

शाळेनं सांगितलं, मधली इयत्ता गाळता येणार नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा वयाला साजेशा वर्गाची गोष्ट करतो; हुशार मुलाला वर चढवण्याची वेगळी वाट त्यात नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही अशा मुलांना अभ्यासक्रमापलीकडचं खाद्य द्या म्हणतं.

शिवाय आठवीतच एनएमएमएसची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,००० होतात. हा हिशेब मांडल्यावर वखारीतले हिशेबनीस गप्प झाले. तिच्या शाळेत आठवीपासून गणित इंग्रजीत होतं. मुसल्लसचा ट्रँगल होणार, मसावातचं इक्वेशन. हा बदल पचवायचं वर्षच गाळायचं कसं?

पण खरी बात आपानं सांगितली. "दहावी एक साल पहले हुई, तो रिश्ते भी एक साल पहले आएँगे." वाचलेलं वर्ष पोरीच्या तालमीला मिळेल याची हमी कोण देणार?

मग ठरलं ते असं : इयत्ता आहे तीच, गणित मात्र पुढचं. आमच्यापैकी एक जण महिन्यातले दोन रविवार पारोळा-एरंडोलमार्गे एसटीनं जळगावला जातो. आधी अपूर्णांक पक्के केले, मग आठवीचं पुस्तक घेतलं. नियम एकच. उत्तर आलं की 'का' सांगायचं. तेवढं जमलं तरच पान उलटायचं. तिच्या बाईंनीही तासाला वेगळी वही काढायला परवानगी दिली.

दिवाळीच्या सुट्टीत तिला चाळीसगावजवळच्या पाटणला नेलं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ काढला. त्याला १२०७ साली मिळालेल्या दानाचा शिलालेख तिथं आहे. 'लीलावती'तली पुष्कळ गणितं एका मुलीला उद्देशून घातली आहेत, आणि १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीनं तो ग्रंथ फारसीत नेला, हे ऐकून ती खूश झाली. 'अल्-जब्र' हा शब्द बगदादच्या अल्-ख्वारिज्मीच्या किताबातून जगभर गेला, हे तिनं परतीच्या वाटेत दोनदा विचारून घेतलं.

आठवी ती पूर्ण करील. नववीचं गणित मात्र आत्ताच दप्तरात आलं आहे. दहावीनंतर काय, हा आपाचा सवाल शिल्लक आहे. त्याचं उत्तर भाचीनं नव्हे, आम्ही घरातल्या मोठ्यांनी द्यायचं आहे.