साडेपाचच्या गाडीपर्यंत

मागच्या दिवाळीनंतर धनजला गेलो होतो. रात्रीची जेवणं आटोपली होती, अंगणात खाटा टाकल्या होत्या आणि मी पुतणीला माझ्या कॉलेजचं काहीबाही सांगत होतो. तीही आता बी.ए.ला आहे, माझ्यासारखीच रोज धनजहून कारंजाला जाते. सगळं ऐकून घेऊन तिनं मधेच विचारलं, "काका, तुमचे तास साडेबाराला संपत होते म्हणता. मग साडेपाचपर्यंत तुम्ही कॉलेजात करत काय होते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. तासांमध्ये काय शिकलो ते मला आज नीट सांगता येणार नाही. पण साडेबारा ते साडेपाच या वेळातलं सगळं आठवत होतं, अगदी कोणत्या खिडकीतून किती ऊन येत होतं तेही.

१९८६ साली मी बी.ए. भाग एकला नाव घातलं. धनज बुद्रुक तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला, त्यामुळे माझ्या दाखल्यावर अजूनही 'जि. अकोला' असंच आहे आणि पुतणीच्या दाखल्यावर 'जि. वाशिम'. विद्यापीठही नवं होतं. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ स्थापन झालं, त्याआधीच्या पोरांच्या पदव्या नागपूरच्या. पुढे या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. पण आमच्या घरात जिल्हा आणि विद्यापीठ यांपेक्षा मोठा प्रश्न होता तो फीचा, आणि ती भरायची होती कापसाच्या पैशातून. एकाधिकार खरेदीचा काळ होता. कापूस केंद्रावर घातला की चुकारा हाती यायला वेळ लागे. बाबा म्हणायचे, "चुकारा आला का भरू." कॉलेजातले बाबूही ते समजून घेत.

खरं तर मला चित्रकला शिकायची होती. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन आणि माझा सगळ्यात आवडता पेपर म्हणजे स्मरणचित्र. समोर काही नसताना बाजार, पाणवठा, पोळा डोळ्यांपुढे आणायचा आणि कागदावर उतरवायचा. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयाबद्दल सांगितलं होतं. मुंबईचं जे. जे. तर १८५७ सालचं, त्याचं नाव ते फार आदरानं घ्यायचे. मी घरी विषय काढला. बाबा रागावले नाहीत. बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "तिथं रायचं कुठं, खायचं काय, रंगाले पैसे कोठून आणाचे? कारंजाले जाय. गाडीनं जाय, गाडीनं ये." त्यांचा हिशेब बरोबर होता. मी कला शाखेला गेलो, मराठी वाङ्मय, इतिहास आणि राज्यशास्त्र घेतलं. 'कला' हा शब्द दोन्हीकडे आहे, एवढंच माझं समाधान.

आमचं कॉलेज लहान होतं. वर्गात चाळीसेक पोरं, त्यांत मुली सहा. सकाळचे तास साडेबाराला संपत. कारंजातली पोरं घरी जेवायला जात आणि आम्ही खेड्यांवरचे दहा-बारा जण मागं उरत असू. धनजकडे जाणारी सोयीची गाडी साडेपाचला. मधे एक होती, पण ती येईलच असं नव्हतं. म्हणून डबे उघडायचे. भाकर, ठेचा, कोणाच्या डब्यात बेसन, कोणाच्या डब्यात आलूची भाजी. सगळं मधे ठेवायचं. आणि मग पुढचे चार-साडेचार तास मोकळे.

त्या मोकळ्या वेळात पहिल्यांदा ग्रंथालय सापडलं. चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागायची पद्धत होती. काही दिवसांनी ग्रंथपालांनीच आम्हाला कपाटांमधे फिरू दिलं. "बसूनच आहा तं पुस्तकं लावून द्या," म्हणाले. पुस्तकं लावता लावता वाचायला लागलो. कादंबरी शोधताना हाती शिल्पकलेचं पुस्तक येई, इतिहास लावताना कवितेचं. काय वाचायचं ते कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळंच वाचायचं होतं.

आमचे मराठीचे सर अमरावतीहून येत आणि त्यांचीही परतीची गाडी संध्याकाळचीच. तेही थांबलेले, आम्हीही थांबलेलो. वर्गात ते परीक्षेपुरतं बोलत. दुपारी निंबाखाली खुर्ची टाकून बसले की मात्र वेगळेच होत. एका दुपारी त्यांनी आम्हाला विचारलं, "तुमच्या कारंजात काय आहे, माहीत आहे का?" आम्ही म्हणालो, गुरुमंदिर, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. ते म्हणाले, आणखी? आम्ही म्हणालो, शकुंतला रेल्वे. ते हसले आणि त्यांनी हिरालाल जैन यांची गोष्ट सांगितली. अमरावतीला १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघालं, तेच पुढचं विदर्भ महाविद्यालय. तिथं हिरालाल जैन संस्कृत शिकवायचे. कारंजाच्या जैन मंदिरांमधे जुन्या हस्तलिखितांची भांडारं होती, त्यांतल्या पोथ्या त्यांनी पाहिल्या. त्यांत दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची अपभ्रंश भाषेतली काव्यं होती. १९३१ पासून 'कारंजा जैन ग्रंथमाला' या नावानं ती छापून बाहेर आली आणि जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर आमच्या गावाचं नाव गेलं. ज्या अपभ्रंशातून आपल्या भाषा उमलल्या, तिच्या अभ्यासाचा एक रस्ता आम्ही रोज उतरायचो त्या बसस्टँडच्या जवळून जात होता.

ही गोष्ट कोणत्याही पेपरात आली नाही. पण त्या दिवसानंतर मी कारंजाकडे बघायला लागलो. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस. तोवर या वेशी म्हणजे फक्त रस्ते होते. आता मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसू लागलो. दगड कुठं झिजला आहे, कमानीच्या फटीतून पिंपळाचं रोप कसं वर आलं आहे, ते कागदावर उतरवू लागलो. चित्रकला शिकायला नागपूरला जाता आलं नाही, पण बघायला शिकण्यासाठी कारंजा पुरेसं होतं.

आणि शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ जाणारी ती अरुंद मापाची गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरला बनलेलं. १९२३ पासून ते वऱ्हाडात धावत होतं आणि आमच्या वेळेलाही धावत होतं. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका कंपनीनं हा रूळ टाकला. आम्हाला मात्र ती गाडी म्हणजे चालतं-फिरतं वस्तुचित्र वाटायची. स्टेशनात उभी असली की भराभर रेघा ओढायच्या, कारण ती कधी हलेल ते तिलाच माहीत. माझ्या एका मित्राला वाफ काढता यायची. काळ्या इंजिनाच्या बाजूला तो कागद तसाच कोरा सोडायचा आणि ती वाफ दिसायची. मला ते कधी जमलं नाही, पण कोरा कागदही चित्रच असतो हे मी त्याच्याकडून शिकलो. १५ एप्रिल १९९४ ला ते इंजिन काढून डिझेलचं लावलं. आता तर गाडीच बंद आहे. रुळांवर बाभळी वाढल्या आहेत.

या सगळ्यातून निघालं आमचं भित्तिपत्रक. दर महिन्याला चार ड्रॉइंग शीट खळीनं जोडायच्या, कडेला पोस्टर कलरनं नक्षी काढायची आणि मजकूर कट निबनं लिहायचा. ज्याचं अक्षर चांगलं त्याला फार मान. एका पोरानं वऱ्हाडीत कविता लिहिली आणि ती लावावी की नाही यावर आमच्यात दोन दिवस वाद चालला. "हे काय कविता हाय? हे तं आपण घरी बोलतो," असं एक जण म्हणाला. सरांनी विठ्ठल वाघांचं नाव घेतलं. वऱ्हाडीत लिहिणारा कवी अकोल्याच्या कॉलेजात शिकवतो, हे ऐकून आम्ही ती कविता मधोमध लावली. दुसऱ्या दिवशी शिपाईमामा चष्मा पुसून ती वाचत उभे होते. आपण लिहिलेलं कोणीतरी थांबून वाचतंय, हे पाहणं त्या पोराला कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठं होतं. मीही ते दारामागून पाहत होतो.

पण त्या सहा मुलींबद्दल लिहिलं नाही तर हे स्मरणचित्र खोटं ठरेल. त्यांतली एक आमच्याच बाजूच्या खेड्यातली. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात मातीकामाची स्पर्धा असते, तिच्यात तिनं भाग घेतला. मातीकाम ती कुठं शिकली नव्हती. दर भाद्रपदात घरी भुलाबाई घडवायची, तोच हात. तिनं मांडीवर लेकरू घेतलेली, थकून भिंतीला टेकलेली एक बाई केली. ती मूर्ती बघताना परीक्षक बराच वेळ काही बोलले नव्हते. दुसरं वर्ष संपलं आणि तिचं लग्न झालं. तिसऱ्या वर्षी तिची जागा रिकामी होती. साडेपाचच्या गाडीनं घरी पोचायला अंधार पडतो, हेही त्याचं एक कारण होतं. ज्या गाडीनं आम्हा पोरांना मोकळी दुपार दिली, त्याच गाडीनं तिची वाट अडवली. म्हणून 'आमच्या वेळेला सगळंच चांगलं होतं' असं मी कधी म्हणत नाही.

या खेपेला पुतणीबरोबर त्याच कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्यांदा हेच डोळ्यांत भरलं. वर्गात मुलीच मुली. कोणी स्कूटीवर, कोणी एसटीनं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. फीची, शिष्यवृत्तीची कामं मोबाइलवर होतात. घरच्या शेतात कापसाच्या जागी सोयाबीन आलं आहे आणि दसरा-दिवाळीच्या आत पैसा हाती येतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषयही घेता येतो. आम्ही कपाटं लावता लावता जे चोरून मिळवलं, ते आता अभ्यासक्रमातच आहे. मला याचा मनापासून आनंद झाला. त्या मातीकाम करणाऱ्या मुलीला हे दिवस मिळायला हवे होते.

मात्र दुपारी एक वाजता कॉलेज रिकामं झालं. कोणाला पोलीस भरतीच्या मैदानावर जायचं होतं, कोणाला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला, कोणाला दुकानावर बसायचं होतं. गाड्या पुष्कळ, दुचाक्या त्याहून पुष्कळ, थांबायचं कारणच उरलं नव्हतं. या पोरांना दोष कसा द्यावा? त्यांच्या डोक्यावर नोकरीची काळजी आमच्यापेक्षा जास्त आहे. तो निंब आहे. त्याखाली कोणी नव्हतं.

पुतणीनं मग तिचा मोबाइल दाखवला. बोटानं काढलेली चित्रं होती. आजीचा सुपात धान्य पाखडणारा हात, गोठ्यातली वासरी, पावसात भिजलेला एसटीचा आरसा. चित्रं चांगली होती, आरशाचं तर फारच चांगलं. "कॉलेजात कोणाला दाखवलीस?" मी विचारलं. "स्टेटसला ठेवते ना. पन्नास-साठ जण बघतात." "आणि काय म्हणतात?" ती जरा थांबली. "अंगठा पाठवतात."

मला शिपाईमामा आठवले, चष्मा पुसून वाचणारे.

दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी वही आणि दोन पेन्सिली घेतल्या आणि तिच्याबरोबर कारंजाला निघालो. तिचे तास संपल्यावर आम्ही पोहा वेशीपुढे एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मी तिला हिरालाल जैन यांची गोष्ट सांगितली, तिच्या हाती कागद दिला आणि गप्प झालो. पहिल्या दहा मिनिटांत तिनं तीनदा मोबाइल पाहिला. मग पाहिला नाही. दुकानदारानं आम्हाला पाणी दिलं आणि तोही मागं उभा राहून बघू लागला. "ते वरची फट राह्यली," तो म्हणाला. ती मान वर करून कमानीकडे बघत राहिली आणि तिनं ती फट काढली.

चार वाजत आले होते. मी म्हणालो, "चल, धनजची गाडी लागली असेल. निघेल आता."

तिनं कागदावरून नजर उचलली नाही.

"जाऊ द्या काका," ती म्हणाली. "साडेपाचची असेल ना?"