मूळ गाव बेथलेहेम

इंदूरच्या कोणत्याही जुन्या मराठी घरात नवखा माणूस गेला की पाण्याच्या पेल्यापाठोपाठ एक प्रश्न येतो, "तुमचे मूळ गाव कोणते?" विचारणाऱ्याच्या सात पिढ्या माळव्यात गेलेल्या असतात. त्याच्या पणजोबांनीही स्वतःचे मूळ गाव डोळ्यांनी पाहिलेले नसते. पण प्रश्नात खंड नाही. कोणी वाफगाव सांगतो, कोणी चांदवड, कोणी कोकणातली एखादी वाडी. होळकरांच्या स्वारीबरोबर आलो, असे सांगता आले तर चहाबरोबर शेव-चिवडाही येतो.

आमचे उत्तर अहमदनगर. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इंदुरास आले, तेही स्वारीबरोबर नव्हे, खांडव्याला गाडी बदलून. खांडवा-इंदूरचे ते रूळ होळकरांच्या पैशाने पडले होते, एवढाच काय तो दरबाराशी आमचा संबंध, आणि वडील तो आवर्जून सांगत.

पुढचा प्रश्न आडनावावरून धर्मावर येतो. मग क्षणभर शांतता, आणि नंतर ते ठरलेले कौतुक, "ख्रिश्चन? पण मराठी किती शुद्ध बोलता हो!" गेली साठ वर्षे मी हे कौतुक नम्रपणे स्वीकारीत आले आहे. वडिलांचा स्वभाव निराळा होता. ते म्हणत, "घरात दुसरी भाषाच नाही, म्हणून हिच्यावर भागवतो." एकदा त्यांनी अशाच एका गृहस्थांना 'केवढे हे क्रौर्य' ही कविता कोणाची, असे विचारले. गृहस्थांना कविता तोंडपाठ होती, कवीचे नावही ठाऊक होते. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढची कितीतरी वर्षे ते आमच्या नगरात राहिले, हे त्यांच्या ध्यानातून निसटले होते. वडिलांना त्या दिवशी जेवण गोड लागले. फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या 'क्रिस्तपुराणा'पर्यंत ते सहसा जात नसत. दहा हजारांहून अधिक ओव्या रचणारा हा मराठी कवी इंग्रज होता, हे सांगून यजमानांची चहाची कपबशी हातातून पडावी, असे त्यांना वाटत नसे.

नाताळ जवळ आला की मला वाटते, हा मूळ गावाचा प्रश्न आपल्या लोकांनी काढलेला नाही. तो कैसर औगुस्ताचा आहे. लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची कथा सुरू होते तीच मुळी सरकारी हुकमाने. शिरगणती करायची आहे, ज्याने त्याने आपापल्या गावी जाऊन नाव नोंदवावे. योसेफ नासरेथचा रहिवासी. पण तो दाविदाच्या कुळातला, म्हणून त्याचे मूळ गाव बेथलेहेम. निघाला बिचारा. तिथे पोचल्यावर त्याला जे कळले ते आपल्यापैकी पुष्कळांना कळलेले आहे: मूळ गाव कागदावर असते, उतरायला मात्र जागा नसते. एवढ्या थोर कुळातला माणूस, पण चुलत घर नाही, आतेबहीण नाही, ओळखीचा वाणीदेखील नाही. उतारशाळा भरलेली. शेवटी बाळ गव्हाणीत ठेवावे लागले.

ही कथा मी पाद्रीसाहेबांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली, पण तिचे खरे भाष्य माझ्या आजीचे. आजीला योसेफाचा मनापासून राग होता. "पहिलटकरीण पोर, दिवस भरलेले. माहेरी पाठवायची सोडून कचेरीच्या कामाला बरोबर घेऊन निघाला!" पहिले बाळंतपण माहेरी, हा तिच्या लेखी दहा आज्ञांच्या जोडीला बसणारा नियम होता. वडील म्हणत, "आई, सरकारी हुकूम होता." त्यावर ती म्हणे, "सरकारला आई नव्हती का?"

मात्र पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांबद्दल तिचे मत फार चांगले होते. त्यांनी बाळासाठी सोने, ऊद आणि गंधरस आणला. आमच्या रविवारच्या शाळेत या तिन्ही भेटींचे गूढ अर्थ शिकवीत: सोने राजाला, ऊद देवाला, गंधरस मरणाच्या सूचनेला. आजीने हे सारे ऐकून घेतले आणि एका वाक्यात निकाल दिला, "गंधरस म्हणजे आपला हिराबोळ." पुढे मी वनस्पतींच्या पुस्तकात पाहिले. आजी बरोबर होती. बाळंतिणीला आपल्याकडे जो हिराबोळ देत आले, तो गंधरसच. तिच्या डोळ्यांपुढे मग सगळे चित्र स्वच्छ झाले. ऊद बाळ-बाळंतिणीच्या धुरीला, हिराबोळ पोटात घ्यायला आणि सोने पुढच्या खर्चाला. "शहाणी माणसे. घरात बायका असणार त्यांच्या." डिंकाचे लाडू आणले नाहीत, एवढी एक उणीव तिने त्यांच्या खात्यावर मांडून ठेवली होती. पुढे धर्मशास्त्रावरची काही पुस्तके माझ्या वाचनात आली, पण देव माणसाच्या घरी जन्मला याचा अर्थ आजीइतका सरळ मला कोणी सांगितला नाही.

आमच्या घरातला नाताळ हा असा बाळंतघराच्या अंगानेच जाई. डिसेंबर लागला की घरभर तळणीचा वास. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा. म्हणजे दिवाळीचेच पदार्थ, दीड महिना उशिराने. शेजारच्या काकू दिवाळीत फराळाचे ताट पाठवीत. ताट रिकामे परत करायचे नाही, हा नियम दोन्ही धर्मांना सारखाच लागू. त्यामुळे त्यांचे पितळी ताट दिवाळीपासून नाताळपर्यंत आमच्या फडताळात मुक्काम करी आणि २५ तारखेला भरून परत जाई. संक्रांतीला आमचे ताट तिकडे अडके. या व्यवहारात कोणाचे ताट कोणते, याचा हिशेब अखेरीस दोन्ही घरांनी सोडून दिला. आकाशकंदिलाचेही तसेच. तुळशीच्या लग्नानंतर शेजाऱ्यांचे कंदील उतरत आणि आमचा वर चढे. वडील कामट्यांचा पाच कोनी तारा बांधून त्यावर जिलेटिनचा लाल कागद चिकटवीत. गल्लीत नवीन आलेल्यांना वाटे, या घरी आवराआवरीचा आळस आहे.

केक हा एकच पदार्थ परका, आणि त्याचे प्रकरण मोठे. घरात भट्टी नव्हती. मैदा, लोणी, साखर, सुकामेवा घरी फेटून डब्यांत भरायचा आणि सायकलीला अडकवून बेकरीवाल्याकडे न्यायचा. तिथे नाताळच्या आधीच्या आठवड्यात साऱ्या ख्रिस्ती वस्तीचे डबे रांगेत असत. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. चिठ्ठी जळून गेली तर डबा कोणाचा, हे बेदाणे मोजून ठरवावे लागे, म्हणून घरातले एक मूल पहाऱ्याला बसवीत. ते मूल बहुधा मी. माळव्याची ती थंडी, भट्टीची ऊब आणि भाजल्या वेलदोड्याचा वास यांत मला स्वर्गाची पहिली कल्पना आली. अजूनही ती फारशी सुधारलेली नाही.

आई दोन केक करी, एक अंडे घालून, एक बिनअंड्याचा. दुसऱ्यावर मधोमध बदाम खोचलेला असे. तो काकूंच्या ताटात जाई. काका मात्र त्या दिवशी संध्याकाळी "वडिलांना शुभेच्छा द्यायला" एकटेच येत, खुर्चीवर बसत आणि बदाम नसलेल्या केककडे पाहात राहात. आई काही न बोलता तुकडा कापी. पुष्कळ वर्षांनी, काका गेल्यावर, काकूंनी आईला सांगितले, "ह्यांना वाटायचे मला माहीत नाही."

आमचे हिंदी शेजारी या दिवसाला बडा दिन म्हणतात. वर्षातल्या अगदी लहान दिवसांपैकी एकाला बडा म्हणणे मला लहानपणी विनोदी वाटे. वडील म्हणत, इथून दिवस वाढू लागतो, म्हणून बडा. तसे पाहिले तर शुभवर्तमानांत तारीखच दिलेली नाही. २५ डिसेंबर सापडतो तो रोममधल्या इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात. आमच्या 'नाताळ' शब्दाने ही भानगड ठेवलीच नाही. तो पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचा अर्थ नुसता 'जन्म'.

१९९४ च्या डिसेंबरात वडिलांनी एकाएकी मूळ गाव पाहण्याचा हट्ट धरला. त्यांना हे नाव तोंडाने सांगता सांगता सत्तर वर्षे झाली होती, पण तिथे पाऊल पडलेले नव्हते. नेवासे तालुक्यातले खेडे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे जवळच. आम्ही एस.टी.तून उतरलो तेव्हा ऊन कलले होते. पणजोबांचे नाव सांगितले, कोणाला आठवेना. अखेर पारावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने डोळे मिटून ते नाव दोनदा उच्चारले आणि गावाबाहेरच्या एका मोकळ्या जागेकडे बोट केले. तिथे आमचे घर होते म्हणे. आता एक बाभूळ होती आणि तिच्याखाली शेळी.

परतीची गाडी सकाळी होती. "रात्रीचे कुठे जाता? राहा इथेच," असे म्हणून तो म्हातारा आम्हाला आपल्या घरी घेऊन गेला. सुनेने भाकरी आणि पिठले वाढले. निजायला ओसरी दिली. माझ्या पणजोबांना त्या ओसरीची पायरी चढता आली नसती. हे वडिलांना ठाऊक होते, म्हाताऱ्यालाही ठाऊक असावे. दोघांपैकी कोणी त्याचा उच्चार केला नाही. दोघे उशिरापर्यंत पावसाबद्दल आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते.

ओसरीला लागून गोठा होता. तोवर मी गव्हाण पाहिली होती ती नाताळच्या देखाव्यात, कापूस आणि सोनेरी कागद लावलेली. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी पहिला असा देखावा मांडला, तेव्हा त्याने खरा बैल आणि खरे गाढव आणले होते. नंतरच्या लोकांनी ते मातीचे केले. का केले, ते मला त्या रात्री समजले. खऱ्या गोठ्यात शेण असते, मूत असते, गोमाश्या असतात, आणि बैल रात्रभर गळ्यातली घंटा वाजवतो. पण कडब्याचा वास चांगला होता, आणि जनावरांच्या श्वासाची ऊब थेट अंथरुणापर्यंत येत होती. पहाटे वडील उठून बसलेले दिसले. मला वाटले प्रार्थना करीत असतील. ते म्हणाले, "आई म्हणायची तेवढे काही वाईट नाही. थंडीत बाळ निजेल इथे."

वडील गेले. २०११ च्या जनगणनेला आई पंच्याऐंशीची होती. प्रगणक म्हणून आलेला तरुण हिंदीत विचारीत होता. धर्माच्या रकान्यात ख्रिश्चन लिहून झाले. मातृभाषेशी पोचल्यावर त्याने न विचारताच पेन टेकवले. "अम्माजी, इंग्लिश लिख दूँ?" आईला इंग्रजी येत नव्हते. तिने त्याच्याकडे पाहिले आणि हिंदी येत असूनही मराठीत म्हणाली, "बाळा, मी नवऱ्याशी भांडले मराठीत, देवाला हाक मारली मराठीत. तू काय ते लिही." त्याला सारे समजले असावे असे नाही, पण त्याने मराठी लिहिले. मग तिने त्याला करंजी दिली. फेब्रुवारी होता, म्हणजे करंजी दोन महिन्यांची. हा तपशील आम्ही त्याला सांगितला नाही.

आता आईही नाही. २०२४ मध्ये मूळ गावाचे नावच बदलले; अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवींचा जन्म त्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, आणि त्यांचे नाव इथल्या विद्यापीठाला, विमानतळाला. म्हणजे मूळ गाव विचारले की हल्ली माझे उत्तर इंदूरकरांना इंदूरचेच वाटते. वडिलांना याची मोठी गंमत वाटली असती.

आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, आणि ते योग्यच आहे. बहुसंख्य लोक हिंदीभाषक आहेत. पण नाताळच्या आदल्या रात्री, शेवटच्या आशीर्वादानंतर, मराठी कुटुंबांनी पेटी-झांजांवर टिळकांचे एक भजन म्हणायचे, हा जुना परिपाठ आहे. माझ्या लहानपणी आम्ही तीसएकजण उभे राहात असू. गेल्या वर्षी चौघे होतो, त्यांतला एक पेटीवर. झांजा वाजवायला कोणी उरले नाही, तेव्हा मागच्या बाकावरून माझी सून पुढे आली. ती जबलपूरची, हिंदीत वाढलेली. भजन तिने देवनागरीत उतरवून घेतले होते आणि 'ळ' जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलीने खूण केली होती. म्हणताना प्रत्येक खुणेपाशी ती किंचित थांबे. त्यामुळे आम्हा चौघांनाही थांबावे लागे. त्या रात्री भजन नेहमीपेक्षा बरेच लांबले. बाहेर गराडूची गाडी उभी होती आणि मुलांचा जीव तिकडे, तरी कोणी उठले नाही.

यंदा मुलांचे नाटक माझ्याकडे आहे. नातू नऊ वर्षांचा. शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी आणि पैसे हवे असले की माझ्याशी मराठी. त्याला योसेफ व्हायचे नव्हते, मेंढपाळही नको. त्याने कैसराच्या कारकुनाची भूमिका मागून घेतली, कारण कारकुनाला टेबल मिळते. त्याचे संवाद मी मराठीत लिहिले आहेत. योसेफाला तो नाव विचारतो, कूळ विचारतो, मूळ गाव विचारतो. मातृभाषेचा प्रश्न मी घातला नव्हता, कैसराच्या वहीत तो रकाना असण्याचे कारण नाही. तो त्याने तालमीत स्वतःच घातला, आणि योसेफ झालेल्या मुलाला उत्तर सुचेना. आता ते वाक्य ठेवायचे की काढायचे, यावर घरात दोन पक्ष आहेत. सून म्हणते ठेवा. पेटीवाले म्हणतात, आधी भजनाचा सूर ठरवा, काळी चारात माझा आवाज पोचत नाही.