शेर, ग्रॅम आणि आईची गोळी

आमच्या करंजाड्यात अजून कुणी भाजीवाल्याकडे 'अडीचशे ग्रॅम' मागत नाही, 'पाव किलो' मागतात. पाव हा मुळात शेराचा. शेर गेला, पाव मात्र किलोला चिकटून राहिला. १९५६च्या कायद्याने दशमान वजनं ठरली आणि १९५८पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. माझी आई तेव्हा शाळेत होती. ती दोन्ही हिशेब शिकली.

तिच्याकडून जुनं कोष्टक ऐकलं की एक गंमत लक्षात येते. शेराचा चौथा भाग पाव, त्याचं अर्धं नवटाक, नवटाकाचं अर्धं छटाक. दर पायरीला दोनाने भाग. ताजव्यात हे सोपंच. दोन्ही पारडी सारखी केली की झालं अर्धं. म्हणजे आपले आजे-पणजे दोनाचे घातच वापरत होते. पण पुढे छटाकाचे तोळे पाच, तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ. वरच्या बाजूला चाळीस शेरांचा मण. पाया दर पायरीला बदलतो. गुणाकारात घातांकांची बेरीज करायची, हा नियम पाया सारखा असेल तरच चालतो. दशमान पद्धतीने केलं ते एवढंच, की पाया शेवटपर्यंत दहाच ठेवला.

याचा खरा उपयोग मला गेल्या वर्षी कळला. आई महाडहून आमच्याकडे राहायला आली. तिला थायरॉइडची गोळी आहे. तिकडच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं ०.०५ मिलिग्रॅम. इथे आणलेल्या पाकिटावर छापलं होतं ५० एमसीजी. औषधवाला म्हणाला, "सेमच आहे, आजी." आईने पाकीट बाजूला ठेवलं. "तिथे पॉइंटाच्या पुढे पाच, इथे पन्नास. हजारपट झालं. मी नाही घ्यायची."

तिची शंका वेडी नव्हती. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटच अंतर असतं, आणि या औषधात मात्रा चुकली तर त्याचा त्रास हृदयालाही होतो.

लेक आठवीत, घातांकाचा धडा नुकताच झालेला. ती वही घेऊन आजीजवळ बसली. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या हिशेबात दहाचा घातांक −३, मायक्रोग्रॅम म्हणजे −६. मग ०.०५ म्हणजे ५ गुणिले दहाचा घातांक −२. त्यात मिलिग्रॅमचे −३ मिळवले: −५. दुसरीकडे ५० म्हणजे ५ गुणिले दहाचा घातांक १. त्यात −६ मिळवले: पुन्हा −५. दोन्हीकडे पाचच, घातांकही तोच. वजन एकच.

आईने वही जवळ ओढली. "आणि कुणी मधलं एक शून्य गाळलं असतं तर?"

"तर −४ आलं असतं, आजी. एका दिवसात दहा गोळ्या."

"बघ, म्हणून विचारावं लागतं."

तरीही आम्ही डॉक्टरांना फोन केला. उत्तर तेच आलं, आणि आईने दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली.

तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट या दोघी वाचतात. मध्यंतरी ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल आली, ६०,००० आययूची. आकडा बघून आईने डोळे विस्फारले. आययू हे वजनच नव्हे, ते औषधाच्या परिणामावरून ठरवलेलं एकक; ड जीवनसत्त्वाचे ४० आययू म्हणजे एक मायक्रोग्रॅम. लेकीने भागाकार केला: १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम. साठ हजार असा दणदणीत आकडा, आणि आतलं औषध चिमटीतसुद्धा धरता येणार नाही एवढं.

"पण माझ्या गोळीच्या तीसपट आहे हे," आई म्हणाली. हिशेब तिने तोंडी केला होता. "आठवड्यातून एकदाच घ्यायची ना? तसं पाकिटावर पेनाने लिहून ठेव."