गाडी सगळ्यात शेवटी

पाडव्याला गाडी दारात यावी म्हणून दसऱ्यापासूनच शोरूमच्या चकरा सुरू होतात. टॅक्सीसाठी गाडी घेणारेही त्यात असतात. "मॅडम, गाडी बुक केलीय. आता बॅज आणि परमिटचं तेवढं बघा," असं म्हणत ते माझ्याकडे येतात. मी मुंबईत मोटार ट्रेनिंग स्कूल चालवते आणि टॅक्सीवाल्यांची कागदपत्रं करण्यातच माझा बराच वेळ जातो. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, गाडी सगळ्यात शेवटी घ्या. परमिट हातात पडो न पडो, कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातोच.

आधी लायसन्स. टॅक्सी चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात. आठवी पास असण्याची अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली, ते फार चांगलं झालं. शाळा अर्धवट सुटलेली पण स्टिअरिंगवर हात बसलेली मुलं तेवढ्यासाठी अडून राहायची. हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केलं. त्यावरून ‘आता काहीच लागत नाही’ असा समज झालेला आहे. काळी-पिवळी चालवायची तर बॅज हवा. बॅजसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी हवी, महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा हवा. खरा वेळ खातात ती नावं. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशन कार्डावर वडिलांचं नावच नाही. हे सगळं जुळेपर्यंत गाडी इमारतीखाली धूळ खात उभी राहिलेली मी पाहिली आहे.

परमिटचं तसंच. काळ्या-पिवळीला मीटर लागतो, भाडं सरकारी प्राधिकरण ठरवतं, आणि रस्त्यात हात दाखवणारा प्रवासी ती घेऊ शकते. टुरिस्ट परमिटची गाडी आधी बुकिंग करून न्यायची. अ‍ॅपवरच्या बहुतेक गाड्या यातल्या. कुठला धंदा करायचा हे ठरल्याशिवाय कुठली गाडी घ्यायची हे ठरूच शकत नाही. आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून ‘ओळखीतली’ भाडी मारणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, हे करू नका. परमिट नसणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलेलं आहे. तशा प्रकरणात विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि ती रक्कम पुढे गाडीमालकाकडून वसूल करते. एका अपघातात घर विकावं लागेल.

आता हिशेब. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळ्या-पिवळीचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये झालं. म्हणजे दहा किलोमीटरचं भाडं, थांबण्याचे पैसे सोडून, साधारण २०६ रुपये. नवा माणूस किलोमीटरला वीस रुपये धरून महिन्याचं गणित मांडतो. पण प्रवासी सोडून सहा किलोमीटर रिकामं परतावं लागलं तर तेच २०६ रुपये सोळा किलोमीटरवर पसरतात आणि किलोमीटरमागे तेरा रुपयेही पडत नाहीत. गॅस मात्र सोळा किलोमीटरचा जळतो. त्यात सीएनजीच्या रांगेतला वेळ, टायर, विमा, आणि पासिंगचे दिवस. नव्या गाडीचं पासिंग दोन वर्षांनी, गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी. रिकामा फेरा कमी कसा करायचा, यातच टॅक्सीचा धंदा आहे. गाडी किती चकचकीत आहे याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही, माझ्याही नाही. म्हणून आधी दुसऱ्याची गाडी शिफ्टवर चालवा. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, गॅस आपला, उरेल ते आपलं. पहाटे लांब पल्ल्याच्या गाड्या आल्या की दादरला किंवा सीएसएमटीला कधी पोचायचं, चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणारी शेअरची भाडी सकाळी कशी मिळतात आणि संध्याकाळी उलटी कशी वाहतात, हिंदमाताला पाणी भरलं की कुठून वळायचं, हे शिफ्टमध्येच कळतं. चार पावसाळी महिने त्यात धरले तर उत्तमच. आपली कंबर, आपली झोप आणि आपला संयम या कामाला टिकतो का, हेही कर्ज डोक्यावर नसताना कळलेलं बरं.

जुनी टॅक्सी घेणाऱ्यांनी गाडीचं वय आधी पाहावं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तिची टॅक्सी म्हणून मुदत संपली. लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले, मलाही वाईट वाटलं. पण स्वस्तात मिळते म्हणून सोळा वर्षांची गाडी पाच वर्षांच्या कर्जावर घेणाऱ्याची गाडी आधी बंद होईल आणि हप्ते नंतरही चालू राहतील.

कायद्यातली एक गोष्ट मात्र मी मालकाला एकट्याला सांगत नाही, बायकोला किंवा मुलाला सोबत बोलावते. परमिट पाच वर्षांचं असतं आणि मालकाच्या नावावर असतं. तो गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे वारसाला त्याच परमिटवर तीन महिने गाडी चालू ठेवता येते, पण मृत्यूची खबर ३० दिवसांच्या आत कार्यालयाला द्यावी लागते, आणि परमिट स्वतःच्या नावावर करून घेण्याचा अर्ज तीन महिन्यांच्या आत. दिवसकार्यात पहिले पंधरा दिवस जातात, मग गावी जाणं होतं, आणि महिना उलटल्यावर कुणीतरी फाइल उघडतं. म्हणून परमिटची प्रत, बॅजचा नंबर, विम्याची पावती आणि कर्जाचे कागद घरातल्या दुसऱ्या माणसाला ठाऊक असलेल्या जागी ठेवायचे, आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचं: ३० दिवस.