इंजिन थंड ठेवा

जुनी गाडी बघायला निघण्याआधी मालकाकडे एवढा एक निरोप पोचला पाहिजे, असं मी गिऱ्हाइकाला बजावतो: आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. बऱ्याच मालकांना हे चमत्कारिक वाटतं. कुणी बघायला येणार म्हटल्यावर गाडी धुवावी, पुसावी, एक चक्कर मारून तयार ठेवावी, असं त्यांच्या मनात असतं. दर वेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. तरी पोचल्यावर माझा हात आधी इंजिनाच्या बाजूला टेकतो. कोमट लागलं तर बाकीचं बघून घेतो आणि इंजिनासाठी उद्या सकाळी परत येतो म्हणून सांगतो.

गरम इंजिन फार सभ्य वागतं. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारल्यावरची पहिली काही सेकंदं मात्र खरी. बॅटरी दमलेली असेल तर सेल्फ कण्हतो. टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला झाला असेल तर तेल वर चढेपर्यंत खडखड ऐकू येते आणि मग विरते. गरम गाडीत ती बहुतेक ऐकूच येत नाही. व्हॉल्व्ह सीलमधून रात्रीत तेल झिरपलं असेल तर सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट निघतो. पांढऱ्या वाफेला घाबरायचं कारण नाही, थंडीतल्या सकाळी ती येणारच. पण इंजिन तापलं की गेली पाहिजे. शिवाय रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावरच उघडता येतं. आतलं कूलंट स्वच्छ आहे की गढूळ तपकिरी झालंय, वर तेलाचा तवंग आहे का, हे त्या झाकणाखाली कळतं.

या कामासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक पुण्यातले, आयटीत नोकरी करणारे, तिशी-पस्तिशीचे. त्यांना स्पोर्ट टूरर हवी असते. म्हणजे घाटाच्या वळणांवर मजा यावी, पण पुण्याहून गोवा गाठल्यावर पाठ धरू नये, आणि मागे बायको किंवा दोन बॅगा नीट बसाव्यात. आपल्याकडे या जातीच्या गाडीची चटक लावली ती २००३ साली आलेल्या २२३ सीसीच्या करिझ्मानं. २०११मध्ये होंडाची सीबीआर २५०आर आली, त्याच वर्षी बजाजनं कावासाकीची निंजा ६५०आर इथं आणली. डिसेंबर २०१६मध्ये डॉमिनार ४०० आली, ती तर आपल्या चाकणची. सध्या मला सगळ्यात जास्त विचारणा होते ती निंजा ६५०ची. नवी घ्यायची तर खिशाला झेपत नाही. त्यात सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी लागला, तेव्हापासून जुनी विकणारेही जरा ताठ झालेत.

गिऱ्हाइकाचा फोनवर पहिला प्रश्न रनिंगचा. नऊ हजार म्हटलं की आवाज खुलतो, पंचावन्न हजार म्हटलं की 'बघतो, सांगतो' होतं. माझा कल नेमका उलटा आहे. ही गाडी चालण्यासाठी बनवलेली. सहा वर्षांत नऊ हजार म्हणजे वर्षाला दीड हजार. म्हणजे गाडी बहुतेक काळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. उभ्या गाडीला झिजण्याचे वेगळे रस्ते असतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं, गाडी चालो न चालो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. मागच्या मास्टर सिलिंडरच्या डबीत ते चहाच्या रंगाचं दिसलं, तर बाकीच्या सर्व्हिसिंगबद्दल मी विचारतसुद्धा नाही. कॅलिपरचे पिस्टन जागच्या जागी धरतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल अर्ध्या टाकीत महिनोन्महिने राहिलं की ओल धरतं, आणि टाकीच्या तोंडातून टॉर्च मारली की आतला गंज दिसतो. फोर्कची सीलं सुकतात आणि नव्या मालकाच्या पहिल्याच लांबच्या सफरीत गळायला लागतात.

टायरचं तर विचारूच नका. नक्षी भरपूर शिल्लक असते, गिऱ्हाईक खूश होतं. टायरच्या बगलेवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इतक्या जुन्या रबरात नख रुतत नाही. पहिल्या पावसात ताम्हिणीच्या वळणावर असल्या टायरवर बसायची माझी तयारी नाही, नक्षी कितीही असो.

याउलट पंचावन्न हजारवाली गाडी बघा. मालक हायवेवाला असेल तर मागचा टायर मधोमध सपाट झालेला आणि कडेला कोरा असतो. इंजिन तासन्‌तास एका लयीत, पुरतं तापून चाललेलं असतं. क्लच आणि गिअर शहरातल्या गाडीच्या मानानं कमी वापरलेले असतात. मालकाकडे बिलांची फाइल असते आणि कुठल्या महिन्यात चेनकिट बदललं ते त्याला तोंडपाठ असतं. अशी गाडी मिळाली तर मी गिऱ्हाइकाला कोपरानं ढोसतो.

अर्थात मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. अख्खं मीटर बदलता येतं. म्हणून मी त्याचे शेजारी बघतो: गिअरच्या लिव्हरचं रबर, फूटपेगचं रबर, हँडलची ग्रिप, सीटची पुढची शिवण, ब्रेकच्या डिस्कची कड. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तिथं कॅलिपर लावून मोजायचं. मीटरवर बारा हजार आणि डिस्कला नखात अडकेल अशी कड, ही जोडी जमत नाही. मग चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या पार पाठीमागे चेन बोटानं ओढली आणि दात उघडे पडले, तर ती संपली. दात वाघनखांसारखे एका बाजूला वाकले असतील तर पुढचा-मागचा स्प्रॉकेट आणि चेन तिन्ही एकदमच बदलायचं; नुसती नवी चेन घालून देणारे महाभाग भेटतात.

टॅपेटच्या आवाजाबद्दल थोडं. निंजा ६५०च्या ६४९ सीसीच्या इंजिनात दोन सिलिंडर, क्रँक १८० अंशांचा, त्यामुळे ठोके समान अंतरानं पडत नाहीत. आयडलला ते थोडं खडबडीतच वाटतं. चार सिलिंडरची गाडी चालवून आलेला माणूस उगाच दचकतो. बारीक टिकटिक असली तरी मी चिंता करत नाही. गप्प टॅपेटची मला जास्त धास्ती. या धाटणीच्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत जातात तशी फट बहुधा कमी होत जाते, आवाज उलट बंद होतो, आणि व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा झाला की जळतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात ठरवून दिलेल्या किलोमीटरला फट तपासल्याचं बिल आहे का, ते मागायचं. शिम बदलण्याचं काम वेळखाऊ, मजुरी मोठी, त्यामुळे पुष्कळ मालक ते पुढच्या मालकासाठी राखून ठेवतात.

फेअरिंग हा या गाड्यांचा दागिना आणि बुरखाही. पडलेल्या गाडीला नवं प्लास्टिक घातलं की ती वरून कुमारिका. मी रंगाकडे बघतच नाही. फेअरिंगचे स्क्रू बघतो. एक काळा, एक चंदेरी, एकाला वॉशरच नाही, म्हणजे फेअरिंग घाईत उतरून चढलंय. आतले प्लास्टिकचे कान तुटून एम-सीलनं चिकटवलेले असतात. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचं आणि ते चासीवर जिथं टेकतं तो थांबा टॉर्चनं बघायचा. जोरात आदळलेल्या गाडीत हँडल तिथं धाडकन बसलेलं असतं. थांबा चेपलेला किंवा त्याचा रंग उडालेला असला की मालकाला मी नुसतं बोट दाखवतो. तोवर 'एकदा पार्किंगमध्ये कलंडली होती' एवढंच सांगणारा माणूस मग हळूहळू बोलायला लागतो. पुढचं चाक उचलून हँडल दोन बोटांनी फिरवलं आणि मधोमध खाच लागल्यासारखं थबकलं, तर कोनसेट गेला. हा खर्च फार नाही, पण भाव करताना उपयोगी पडतो.

माझा खरा वेळ जातो वायरिंगमध्ये. टूरिंग करणारा माणूस गाडीला काय काय लावतो! फॉग लाइट, मोबाइल चार्जर, दुसरा हॉर्न, कॅमेऱ्याची वायर. लावायला हरकत नाही. रिले आणि फ्यूज घालून, बॅटरीपासून वेगळी लाइन ओढून केलेलं काम मी बघताक्षणी ओळखतो आणि त्या मालकाबद्दल माझं मत चांगलं होतं. पण मूळ हार्नेसची वायर सोलून, तिला पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळलेली दिसली की माझा उत्साह मावळतो. ती टेप उन्हात सुटते, जोडात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि रात्री नऊ वाजता खंबाटकीत गाडी बंद पडते. इंजिनाचा बिघाड सापडतो. वायरिंगचा बिघाड लपून बसतो, गॅरेजला आणली की सुरळीत चालते. मल्टीमीटर लावून बघायचं: गाडी बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर १३.८ ते १४.५. सगळे दिवे लावून रेस दिली तरी तेराच्या खाली रेंगाळतंय म्हणजे चार्जिंग पुरत नाही. पंधराच्या वर जातंय म्हणजे रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरीलाही घेऊन जाणार.

वायरिंग बघतानाच पाण्यात बुडालेली गाडी सापडते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण-महाडला किती गाड्या टाकीपर्यंत पाण्यात होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या पुष्कळ धुऊन, तेल बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या. बाहेरून काही कळत नाही. हेडलाइटच्या आत तळाशी बारीक मातीची रेघ, सीटखालच्या कप्प्याच्या कोपऱ्यात सुकलेला गाळ, कनेक्टर सोडवला की पिनांवर हिरवट बुरशी. एवढं दिसलं की भाव निम्मा केला तरी मी घेऊ देत नाही.

चालवून बघणं त्या मानानं सोपं. जुन्या कात्रज घाटानं जाऊन यायचं. सहाव्या गिअरमध्ये साठच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा. आकडा चढतोय आणि गाडी ओढत नाही म्हणजे क्लच प्लेटा संपल्या. दुसऱ्या गिअरमध्ये दोन-चारदा ॲक्सिलरेटर पिळून सोडायचा, गिअर निसटता कामा नये. पुढचा ब्रेक हलकेच धरल्यावर लिव्हर बोटांना धक्के देत असेल तर डिस्क वाकडी. एबीएसवाल्या गाडीत चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम गप्प केलाय. परत आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत उभी चालू ठेवायची. एवढा धीर कुणालाच नसतो. मालकाला तर नसतोच, तो चावीकडे हात नेत असतो.

हे चालू असताना मी मालकाशी गप्पा मारतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं काका उगाच वेळ घालवतायत. कुठं कुठं नेली गाडी? लडाखला? मग खालचा सायलेन्सरचा पाइप इतका गुळगुळीत कसा, रिमला एकही ठोका कसा नाही? कोकणात दरवर्षी? मग बोल्टांच्या डोक्यांवर खाऱ्या वाऱ्याचा गंज हवा. 'फक्त रविवारी नाश्त्याला लोणावळा,' असं कुणी सांगतो आणि मागचा टायर पार कडेपर्यंत घासलेला असतो, डाव्या फूटपेगचं टोक उडालेलं असतं. रविवार बराच जोरात साजरा झालेला दिसतो. मला दामटलेली गाडी चालते, कबूल केलेली असली की. मालक सांगतोय त्या प्रवासाच्या खुणा गाडीवर नाहीत आणि गाडीवर आहेत त्या तो सांगत नाही, अशा ठिकाणी मी हत्यारं पिशवीत भरायला घेतो. गाडी कितीही चकाचक असो.

कागदांत मुरलेला एजंट सगळं करून देतो, पण बघायचं आपण. आरसीवरचा चासी नंबर हँडलच्या मुळाशी कोरलेल्या नंबराशी अक्षरन्‌अक्षर जुळवायचा. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र पाहिजे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी. परराज्यातली स्वस्त दिसते, पण इथला रोड टॅक्स भरल्यावर ती स्वस्त राहत नाही. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. थकलेली चलनं मोबाइलवर तिथल्या तिथे दिसतात, ती मालकानं भरायची, 'नंतर बघू' नाही.

शेवटी मी एका कागदावर टायर, चेनकिट, ब्रेक ऑइल, कोनसेट असा येणारा खर्च लिहून देतो आणि तो भावातून वजा करून बोला म्हणतो. पोरगं कागद बघतं, मान हलवतं, आणि त्याची नजर पुन्हा त्या कावासाकीच्या हिरव्या रंगाकडे जाते. तिथं माझं काही चालत नाही. एवढंच सांगतो, की टोकन देण्याआधी दुसरी चावी मागून घे. हरवली म्हणाले तर सापडेपर्यंत पैसे खिशातच राहू देत. बहुतेक वेळा ती मालकाच्या आईच्या कपाटात निघते.