राजाच्या पंक्तीला

आमची लेक जन्मली तेव्हा धडधाकट होती. तिसऱ्या दिवशी ती पिवळी दिसू लागली. माझा रक्तगट ओ, तिचा बी. असं असलं की काही बाळांच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि रक्तातलं बिलिरुबिन चढत जातं. आम्ही होतो त्या इस्पितळात सांगितलं, सकाळचं कोवळं ऊन दाखवा. निळ्या दिव्याखाली ठेवायला, रक्त बदलायला उशीर झाला. तोवर मेंदूतल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा झाली होती. या तऱ्हेच्या सेरेब्रल पाल्सीत समज पुष्कळदा शाबूत राहते, शरीर मात्र ऐकत नाही. तिने हात पुढे करायचा म्हटलं की मानच भलतीकडे वळते. बोलायला जाते तेव्हा शब्दाऐवजी नुसता आवाज फुटतो.

कारण असं स्पष्ट असूनही लोकांना दुसरंच कारण हवं होतं. आत्येसासूबाई म्हणाल्या, "घरात कुणाचं पाप कबूल करायचं राहिलंय का, ते बघा." आरोग्यदानाच्या एका सभेत प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, आणि ती उठून चालली नाही तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, आईचा विश्वास कमी पडतोय. त्या मांडवातून मी तिला उचलून बाहेर आणलं आणि पुन्हा कधी अशा सभेला नेलं नाही.

पापाच्या प्रश्नाला उत्तर मला योहानाच्या नवव्या अध्यायात मिळालं. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. त्या उत्तरावर मी कितीतरी रात्री काढल्या. पण पुढच्याच ओळींत त्या माणसाला दिसायला लागतं, आणि तिथे माझी वाट अडायची. ज्याचं अंग बरं होत नाही, त्याच्यासाठी देवाच्या घरात काय आहे?

ते सापडलं जुन्या करारात, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात. शौल राजाचा नातू, योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ. लढाईत बाप आणि आजोबा पडल्याची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दाई त्याला घेऊन पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पुस्तकाने त्याच्या पांगळेपणाचं एवढंच कारण दिलंय: माणसाची घाई. कुणाचं पाप नाही, देवाची योजना नाही. मला हे वाचून किती मोकळं वाटलं! त्याच पुस्तकात, यरुशलेम जिंकलं जातं तिथे, आंधळ्या-पांगळ्यांना घरात थारा नाही अशा अर्थाची म्हण आहे. आणि थोड्याच अध्यायांनंतर राजा दावीद या पांगळ्या माणसाला बोलावून घेतो, योनाथानाच्या मैत्रीसाठी त्याला कायम राजाच्या पंक्तीला बसवतो. अध्याय संपतो तेव्हाही मफीबोशेथ दोन्ही पायांनी पांगळाच आहे. त्याला कुणी बरं केलं नाही. त्याची जागा मात्र पक्की झाली.

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली. ती बरी व्हावी हे मागणं मी थांबवलं आणि तिची जागा मागू लागले. आधी देवाकडे, मग मंडळीकडे.

मंडळीकडून मिळवणं जास्त कठीण गेलं. आमच्या नगरच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची भजनं टाळावर सुरू झाली की ती आनंदाने ओरडते, आणि तेव्हा कुणाला काही वाटत नाही. मूक प्रार्थनेत ओरडली की माना वळतात. खरा प्रश्न दृढीकरणाचा होता, कारण त्याशिवाय प्रभुभोजन नाही. तिच्या वयाची मुलं वर्गाला बसली. पाळकसाहेब अवघडून म्हणाले, "ताई, पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करून मगच भाकर खावी. हिला समजलंय हे मला कसं कळणार?"

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, घरी या.

स्पीच थेरपिस्टने आम्हाला एक पारदर्शक पाटी करून दिली आहे. कडेने अक्षरांचे गट लावलेले. पाटीच्या पलीकडे आपण बसायचं. ती आधी गटाकडे बघते, मग अक्षराच्या जागेकडे, आणि आपण तिच्या नजरेवरून अक्षर ओळखायचं. 'हो'साठी वर बघते. पाळकसाहेब समोर बसले. त्यांनी विचारलं, बायबलमधली कुठली गोष्ट आवडते? बराच वेळ लागला. 'पेत्र', तिने लिहिलं. कुठला पेत्र, असं विचारल्यावर 'पाणी'. पाण्यावरून येशूकडे चालताना बुडणारा पेत्र. घोटभर पाणीही तिला ठसका लावतं, श्वासनलिकेत जातं. म्हणून तिला पाणी घट्ट करून द्यावं लागतं. पाळकसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते गप्प राहिले, आणि मग पुढच्या आठवड्यापासून तिचा वर्ग आमच्याच घरी भरू लागला.

द्राक्षरस पातळ, भाकर कोरडी, दोन्ही तिच्यासाठी धोक्याचं. मी त्यांना शिकवलं: तुकडा रसात भिजवून पार मऊ करायचा, तिची हनुवटी थोडी खाली, चमचा जिभेवर हलका दाबायचा, आणि ती पूर्ण गिळेपर्यंत थांबायचं. दृढीकरणाला बिशपसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला त्या रविवारी अख्खी मंडळी तेवढा वेळ थांबली. आता दर प्रभुभोजनाला थांबते. पायऱ्यांवरून तिची खुर्ची तरुण संघाची मुलं उचलतात, पण मला उतरण हवी आहे आणि कमिटीपुढे मी ती मागतच राहणार आहे.

दावीदाने आणखी एक केलं होतं, ते प्रवचनांत सहसा येत नाही. त्याने शौलाची जमीन मफीबोशेथला परत दिली आणि ती कसायला शौलाचा सेवक सीबा याला लावलं, त्याच्या पंधरा मुलगे आणि वीस चाकरांसह. नुसतं ताट मांडून तो थांबला नाही. आमच्यामागे हिचं कोण, हे रात्री आम्हा दोघांना झोपू देत नाही. ती आता 18 वर्षांची झाली. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि आईवडील आपल्या पसंतीच्या माणसाचं नाव सुचवू शकतात. पसंती आमची एकट्याची का असावी? आम्ही पाटी धरली आणि तिलाच विचारलं. तिने तिच्या मावशीचं नाव लिहिलं, आणि त्यानंतर महिला मंडळातल्या एका बाईंचं, ज्या दर रविवारी तिच्या शेजारी बसतात. बाईंना विचारलं तेव्हा त्या रडल्या आणि हो म्हणाल्या. अर्जासोबत लेकीची निवड लिहिलेला वेगळा कागद जोडणार आहोत, आणि साक्षीदार म्हणून त्यावर पाळकसाहेब सही करणार आहेत.