रकाने आणि ओळी

हजेरीपट आणि निबंधाच्या वह्या माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे शेजारी नांदत आहेत. पण त्यांचे स्वभाव काही जुळले नाहीत. हजेरीपटात जन्मतारखेचा रकाना नावाच्या आधी घ्या की नंतर, पोराचं वय एका दिवसानंही बदलत नाही. निबंधाचं तसं नाही. 'मीच आईला पाणी दिलं' आणि 'मी आईलाच पाणी दिलं' यांत एवढासा 'च' जागचा हलला, की सारा अर्थ हलतो.

गंमत अशी, की या दोघांचा संसार लावताना संगणकवाल्यांनाही घाम फुटला आहे. आपण तांबड्या शाईनं वहीत खुणा करतो ना, तशा 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद' अशा खुणा मजकुरातच घालण्याची एक रीत आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६९ साली सुरू केली. तिच्याच वंशात १९९८ साली एक्सएमएल जन्मली. वाहत्या वाक्यातल्या एका नावावर खूण करावी, तरी वाक्य अखंड राहावं, ही तिची खुबी. पण लोकांनी तिच्यात हिशेबाची खातीही भरली, आणि पंचाईत झाली. खात्यात सोडलेली मोकळी जागा ही निव्वळ टापटीप; वाक्यात दोन शब्दांमधली मोकळी जागा हा मजकुराचाच भाग. यंत्रानं ओळखावं कसं?

मग डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणलेली जेसन आली, हजेरीपटासारखी सुटसुटीत. पण तिच्यात एक शब्द अधोरेखित असलेलं वाक्य ठेवून पाहा! त्याचे तीन तुकडे करून यादीत ओवा, नाहीतर खुणांसकट गाठोडं बांधून एका रकान्यात कोंबा.

हा प्रश्न केवळ यंत्राचा असता, तर मास्तरकी करणाऱ्यानं त्यात डोकं घातलं नसतं. पण प्रगतिपुस्तक आता संगणकावर भरायचं, आणि शेऱ्याच्या जागी ठरलेल्या चार शब्दांतला एक निवडायचा. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या एका मुलीच्या गैरहजेरीचे दिवस रकान्यात अचूक बसले. धाकट्या भावाला निजवून ती रात्री बुडालेले धडे उतरवून काढी, हे मात्र कुठेच बसेना.

रकान्यात ओळ मावावी, आणि ओळीतली तारीख रकान्याला वेचता यावी. एवढं साधलं, की मांडणी चांगली. ती आखणारं कोणी भेटलं, तर मी एकच मागेन: शेऱ्याची जागा ठेवा, आणि तिथे पुरतं वाक्य लिहू द्या.